सोन्याचे नॅनोकण उष्णतेत का साकळतात? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील कलिलांवरच्या, म्हणजे द्रवात अतिसूक्ष्म कण तरंगत असलेल्या मिश्रणांवरच्या टिपणात सोन्याच्या लाल द्रावणाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इंदुरातून आणि आसपासच्या भागातून आलेली बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात : कणांना वेढून बसणारे रेणू उष्णतेत काय करतात? म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सा. न. वि. वि. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन एम. एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी मी क्लोरोऑरिक आम्लाचे विरल द्रावण उकळत ठेवले आणि त्यात ट्रायसोडियम सायट्रेट घालून सोन्याचे नॅनोकण तयार केले. द्रावण माणकासारखे लाल झाले. हे सारे शंभर अंशांवर घडले. पुढे त्याच द्रावणाचे काही थेंब काचपट्टीवर टाकून साठ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवले, तेव्हा डाग निळसर करडा उमटला आणि पाणी घातल्यावर लाल रंग परत आला नाही. शंभर अंशांवर जन्मलेले कण साठ अंशांवर कसे मेले? प्रयोगशाळेतील वरिष्ठांनी ‘सायट्रेट खराब असेल’ एवढेच सांगून विषय संपवला.

उत्तर : तुमचे सायट्रेट खराब नाही आणि तुमचे कण उष्णतेने मेलेले नाहीत. ते वाळल्यामुळे मेले. साठ अंशांच्या ओव्हनऐवजी पंख्याखाली वाळवले असते तरी डाग बहुधा निळाच उमटला असता. एकदा करून पाहा.

सायट्रेटचे काम कसे चालते हे पाहिले की कोडे सुटते. ही पद्धत टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये तपशीलवार मांडली, आणि सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचा आकार लहानमोठा करता येतो हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले. तिच्यात सायट्रेट दोन कामे करते. आधी ते सोन्याच्या आयनांचे धातूत रूपांतर करते, आणि उरलेले सायट्रेट आपल्या कार्बॉक्सिलेट गटांच्या आधाराने तयार झालेल्या कणांच्या पृष्ठभागावर जाऊन टेकते. ‘टेकते’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण हा बंध दुबळा असतो. परंतु त्याच्यामुळे कणाला ऋण प्रभार मिळतो आणि दोन कण जवळ आले की ते एकमेकांना दूर लोटतात. पाणी उकळताना कण एकमेकांवर अधिक जोराने आदळतात हे खरे, पण किती अधिक? आपण सेल्सिअसमध्ये विचार करतो म्हणून पंचविसावरून शंभर म्हणजे चौपट वाटते. कणांची सरासरी गतिज ऊर्जा मात्र केल्व्हिनमधील तापमानाच्या प्रमाणात वाढते, आणि तेथे ही वाढ २९८ वरून ३७३, म्हणजे जेमतेम पाव हिश्शाची आहे. प्रभारामुळे उभी राहिलेली भिंत या सरासरी ऊर्जेच्या कितीतरी पट उंच असल्यामुळे एवढ्याशा वाढीने ती ओलांडली जात नाही.

वाळताना ती भिंतच खचते. थेंब आटत जातो तसे त्यातील सोडियम, क्लोराइड आणि शिल्लक सायट्रेट यांची संहती वाढत जाते, आणि हे आयन कणांचा प्रभार झाकून टाकतात. मिठाचे पाणी घातल्यावर लाल द्रावण निळे पडते त्याचेही कारण हेच. शेवटी पाणीच उरत नाही. मधला सायट्रेटचा थर एक नॅनोमीटरही (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाड नसतो, त्यामुळे धातूचे गाभे एकमेकांना भिडतात, आणि एकदा भिडले की सोन्याचे पृष्ठभागावरचे अणू सरकत सरकत दोन कणांमध्ये मान तयार करतात. ही मान पाण्याने तुटत नाही, म्हणून तुमचा लाल रंग परत आला नाही. रंगाचे म्हणाल तर एकेकटा पंधरा-वीस नॅनोमीटरचा कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो आणि द्रावण लाल दिसते. कण जवळजवळ आले की त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची आंदोलने एकमेकांशी जोडली जातात, शोषण ६०० नॅनोमीटरच्या पलीकडे सरकते आणि आपल्याला निळे दिसते.

येथे शब्दांची एक गल्लत सोडवून ठेवतो, कारण पुढच्या सर्व पत्रांत ती आहे. ‘उष्णतेत टिकणे’ या एका शब्दप्रयोगाखाली तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. द्रवातील कण न साकळता सुटे राहणे ही एक. पृष्ठभागावरचे रेणू जागेवर राहणे ही दुसरी. आणि खुद्द सोन्याचा गाभा न वितळणे, न फुगणे, आकार न बदलणे ही तिसरी. तुमच्या काचपट्टीवर पहिली गोष्ट बिघडली आणि तिच्यामागोमाग तिसरी. दुसरीला उष्णतेने हातही लावलेला नव्हता.

आता उपाय. प्रभारावर विसंबणारे आवरण वाळवण्याला निरुपयोगी आहे. तेथे जागा अडवून बसणारे आवरण लागते. उपवासाच्या खिचडीत भिजलेला साबुदाणा नुसता परतला तर गोळा होतो आणि दाण्याचे कूट लावून परतला तर मोकळा राहतो, हे कोणत्याही घरात सांगायला नको. कूट प्रत्येक दाण्याच्या ओल्या पृष्ठभागावर चिकटून दुसऱ्या दाण्याला तेथे येऊ देत नाही. सोन्याच्या बाबतीत हे काम लांब साखळीचे थायोल फार चांगले करतात : गंधकाचे टोक सोन्याला धरते आणि कार्बनची शेपटी बाहेर पसरते. ब्रस्ट, शिफ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये डोडेकेनथायोल वापरून एक ते तीन नॅनोमीटरचे कण बनवले, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की ते वाळवून भुकटी करून बाटलीत ठेवता येतात आणि टोल्यूइनमध्ये टाकले की पुन्हा विरघळतात. तुमचे कण पाण्यातले असल्यामुळे तुम्हाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी असलेला थायोल लागेल. तो महाग आहे. प्रकल्पाच्या खर्चात बसत नसेल तर वाळवण्यापूर्वी थोडे जिलेटिन किंवा पॉलिव्हायनिलपायरोलिडोन घालून पाहा.

जिलेटिनची युक्ती जुनी आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या लाल द्रावणांवरील आपले प्रयोग मांडले तेव्हाच मिठाने रंग निळा पडतो आणि ‘जेली’ घातली तर तो राखला जातो हे त्यांनी नोंदवले होते. पुढे झिग्मोंडी यांनी यालाच संख्येचे रूप दिले. दहा मिलिलिटर सुवर्ण-कलिलात एक मिलिलिटर दहा टक्क्यांचे मिठाचे पाणी घातल्यावर रंग बदलू नये यासाठी संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, तो ‘सुवर्णांक’. जिलेटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१, बाभळीच्या डिंकाचा ०.१५ ते ०.२५ आणि बटाट्याच्या स्टार्चचा सुमारे २५. म्हणजे आकडा जितका लहान तितके संरक्षण मोठे. पाठ्यपुस्तकात हा तक्ता आला की विद्यार्थी त्यावरून उष्णतेबद्दलही अनुमान काढतात, आणि तेथेच फसतात. हा मिठाविरुद्धच्या, खोलीच्या तापमानातील लढाईचा तक्ता आहे. जिलेटिन हे प्रथिन आहे. ते ओल्या द्रावणात राजा असले तरी कोरड्या भट्टीत करपते.

प्रश्न : मी पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेप-रंगांच्या कामात आहे. सोन्याच्या नॅनोकणांची शाई प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापून कमी तापमानात तिचे वाहक सोने करायचे, असे काम आमच्याकडे चर्चेत आहे. पुस्तकात सोने आणि गंधक यांचा बंध अत्यंत मजबूत असल्याचे लिहितात. मग थायोल दीड-दोनशे अंशांवर सुटतो कसा? आणि साखळी लांब घ्यावी की आखूड?

उत्तर : तुमचे पत्र मला विशेष आवडले, कारण त्यात स्थिरता हा गुण नसून अडचण आहे. बाटलीत वर्षभर सुटे राहणारे आणि पत्र्यावर पडल्यावर शक्य तितक्या कमी तापमानात एकजीव होणारे कण तुम्हाला हवे आहेत. म्हणजे आवरण मजबूत असून भागत नाही. ते वेळेवर निघून जाणारे असावे लागते.

‘मजबूत’ हा शब्द नेहमी कशाच्या तुलनेत हे विचारून घ्यावे. सोने-गंधक बंधाची ऊर्जा प्रति मोल साधारण १७० ते २१० किलोज्यूल धरतात. पाण्यातील हायड्रोजन बंधाच्या, जो वीसेक किलोज्यूलचा असतो, तुलनेत हा बंध पोलादी आहे. परंतु कार्बन-कार्बन बंध साडेतीनशेच्या घरात असतो, आणि त्याच्या शेजारी हाच बंध मध्यम प्रतीचा ठरतो. शिवाय थायोलला सोने सोडताना एकट्याने सोडावे लागत नाही. शेजारशेजारचे दोन थायोलेट, म्हणजे सोन्याला बांधलेले थायोल, एकमेकांशी जोडले जाऊन डायसल्फाइड म्हणून उडून जातात. नवा गंधक-गंधक बंध तयार होत असल्यामुळे या वाटेचा खर्च कमी पडतो. म्हणून सपाट सोन्यावरचा थर असो वा कणांवरचे आवरण, दीडशे ते दोनशे-अडीचशे अंशांच्या पट्ट्यात ते विरळ होऊ लागते. भोवतीचा वायूही पाहावा लागतो : हवेतील ऑक्सिजनने थायोलेटचे गंधक हळूहळू ऑक्सिडीकृत होते आणि पकड आधीच ढिली झालेली असते, त्यामुळे नायट्रोजनखाली काढलेला आकडा तुमच्या उघड्या भट्टीला लागू पडेलच असे नाही.

आवरण सुटते त्या क्षणी सोन्याचे काय होते, याला टामान यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा उपयोगी पडतो. घन पदार्थाचा केल्व्हिनमधील द्रवणांक अर्धा केला की जे तापमान येते, त्याच्या आसपास त्याच्या आतील अणू लक्षणीय हालचाल करू लागतात. सोन्यासाठी ते ३९५ अंश सेल्सिअसच्या जवळ येते. पृष्ठभागावरच्या अणूंना मात्र तीन-दशांशच पुरते, आणि तो आकडा १२८ अंशांच्या आसपास पडतो. म्हणजे दीडशे अंशांवर सोन्याचे पृष्ठभागी अणू निघायला तयारच असतात, त्यांना अडवून धरलेले असते ते आवरणाने. पहारा उठला की काम सुरू होते. थायोलच्या आवरणातील दीड-दोन नॅनोमीटरचे कण कोरड्या अवस्थेत दीडशे ते सव्वादोनशे अंशांवर ठेवले की ते मोठे होत जातात, आणि किती मोठे होतात हे तापमानावर व वेळेवर ठरते, हे अनेक प्रयोगशाळांत दिसलेले आहे.

साखळीबद्दल थेट सांगतो : शाईसाठी आखूड घ्या. लांब साखळ्या एकमेकींना बिलगून राहतात, त्यांचे रेणू जड असतात आणि सहज उडत नाहीत. त्या कणांमध्ये अंतरही जास्त ठेवतात. सहा कार्बनचा हेक्सेनथायोल वापरून कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये सुमारे १५० अंशांत, म्हणजे प्लॅस्टिकला सोसेल अशा तापमानात, वाहक सोने मिळवले होते. मात्र फार आखूड साखळी घेतली तर बाटलीतच गाळ बसेल. दुसरा धोका असा की काही थायोलांत सोने-गंधक बंधाऐवजी कार्बन-गंधक बंध तुटतो, शेपटी उडून जाते आणि गंधक सोन्यावरच राहतो. मग पत्रा दिसायला सोनेरी आणि रोध मात्र जास्त. वजन घटले म्हणजे आवरण गेले असे समजू नका.

याच्या उलट, उत्प्रेरकासाठी किंवा संवेदकासाठी ज्यांना न सुटणारे आवरण हवे असते ते एकाच रेणूला दोन-तीन गंधकाची टोके देतात. एक टोक सुटले तरी दुसरे धरून असते आणि सुटलेले टोक परत बसायला वेळ मिळतो. २०१४ मध्ये कॅनडातील रसायनशास्त्रज्ञांनी गंधकाऐवजी कार्बनमधूनच सोन्याला धरणारे कार्बीन वर्गातील रेणू वापरून सपाट सोन्यावर असे थर दिले की ते उकळत्या पाण्यातही टिकून राहिले. याउलट दुबळी पकड असलेल्यांत फॉस्फरसमधून सोन्याला धरणारे फॉस्फीन आणि नायट्रोजनमधून धरणारे अमाइन आहेत. ट्रायफिनाइलफॉस्फीनने वेढलेला पंचावन्न अणूंचा सुप्रसिद्ध सोन्याचा समूह द्रावणात ठेवला तर खोलीच्या तापमानालाही हळूहळू विघटित होतो.

एक गंमत जाता जाता सांगण्यासारखी आहे. थायोलचे काम कणांची वाढ रोखणे, असे आपण धरून चालतो. परंतु लहानमोठ्या आकारांची सरमिसळ असलेले कण जास्तीच्या डोडेकेनथायोलसह टोल्यूइनमध्ये, म्हणजे ११० अंशांच्या आसपास, बराच वेळ उकळत ठेवले की मोठे कण झिजतात, लहान वाढतात आणि शेवटी सर्व जवळपास एकाच आकाराचे होतात. ऑस्टवाल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेत लहान कण विरघळून मोठ्यांना पोसतात. येथे गंगा उलटी वाहते. कॅन्ससमधील संशोधकांनी २००० च्या सुमारास हे मांडले. तेव्हा गरम द्रवातला मोकळा थायोल हा नुसता पहारेकरी नसून सोन्याचे अणू पळवणारा आणि परत आणून ठेवणाराही असतो, हे तुमच्या शाईच्या साठवणीचा विचार करताना लक्षात असू द्या.

प्रश्न : आमचे दुकान सराफ्यात आहे. वडील-आजोबांपासून आम्ही सोने मुशीत गाळत आलो. १०६४ अंशांशिवाय ते वितळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. मुलगा म्हणतो, नॅनो सोने तीन-चारशे अंशांत वितळते. मग आमचा टांकाही कमी तापमानात वितळतो, तसेच का हे?

उत्तर : मुलगा चुकीचे सांगत नाही, पण अर्धे सांगतो. टांका, ज्याला जुनी मंडळी डाक म्हणतात, कमी तापमानात वितळतो तो त्यात तांबे, चांदी, जस्त अशी भेसळ असल्यामुळे. तेथे कारण घटक बदलण्यात आहे. नॅनोकणांत सोने शुद्धच असते, कारण आकारात आहे.

वितळणे म्हणजे अणूंनी आपली जागा सोडणे, आणि पृष्ठभागावरच्या अणूला धरून ठेवणारे शेजारी कमी असतात. तुमच्या वळ्यात पृष्ठभागावरच्या अणूंचा हिस्सा नगण्य असतो. पंधरा नॅनोमीटरच्या कणात सुमारे एक लाख अणू असतात आणि त्यांपैकी दहाएक टक्के बाहेर असतात. दोन नॅनोमीटरच्या कणात जेमतेम अडीचशे अणू, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक उघड्यावर. आकार लहान तसा द्रवणांक उतरतो, हे पाव्हलोव्ह यांनी १९०९ मध्येच सिद्धान्तरूपाने मांडले होते. सोन्यावरचे गाजलेले मापन बुफा आणि बोरेल यांचे, १९७६ चे. त्यांच्या मापनात वीस नॅनोमीटरला फरक किरकोळ दिसतो, पाच नॅनोमीटरच्या खाली उतार तीव्र होतो आणि दोन-अडीच नॅनोमीटरला द्रवणांक शेकडो अंशांनी खाली आलेला असतो.

परंतु ते कण कार्बनच्या पातळ पडद्यावर ठेवलेले, बोडके होते. रेणूंचे आवरण असलेल्या कणांना तो आलेख जसाच्या तसा लावता येत नाही, आणि बहुतेक वेळा लावण्याची वेळही येत नाही, कारण वितळण्याच्या कितीतरी आधी आवरण सुटून कण एकमेकांत मिसळलेले असतात. मिसळून मोठे झाले की त्यांचा द्रवणांक पुन्हा वर चढतो. तुम्ही दागिन्यावर बारीक रवे बसवता तेव्हा रवा वितळवून थेंब करत नाही. तळाशी टेकलेल्या जागी तो जोडला जातो आणि गोल तसाच राहतो. नॅनोकणांचे साकळणे या जोडण्याच्या जवळचे आहे, मुशीतल्या रसाच्या नव्हे. वर्तमानपत्रातील ‘वितळते’ या शब्दाच्या जागी पुष्कळदा ‘जोडले जाते’ असे वाचावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून लोकांना परदेशातून आणलेली लाल काचेची भांडी दाखवताना ‘यात सोने आहे’ असे सांगत असे. काचेच्या भट्टीत ते सोने टिकते आणि बाटलीतले टिकत नाही, हे कसे?

उत्तर : बाई, आपण बरोबरच सांगत होता. माणिक रंगाच्या त्या काचेत सोन्याचे नॅनोकणच असतात. गंमत म्हणजे वितळलेल्या काचेत सोने विरघळलेले असते आणि झटपट थंड केलेली काच जवळपास रंगहीन निघते. ती पुन्हा पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवली की अणू एकत्र येऊन कण बनतात आणि लाल रंग ‘उमलतो’. म्हणजे येथे उष्णता कण नष्ट करत नाही, घडवते. पुढे ते वाढत का जात नाहीत? कारण भोवतालची काच इतकी घट्ट असते की सोन्याच्या अणूला वाट फार सावकाश मिळते. फार वेळ तापवली तर काच जांभळट, मळकट होते.

रसायनशास्त्रज्ञांनी हीच कल्पना कणाभोवती आणली. लिझ-मार्झान, गिएर्सिग आणि मलव्हेनी यांनी १९९६ मध्ये सायट्रेटच्या कणांवर सिलिकाचे, म्हणजे काचेच्या मुख्य घटकाचे, कवच चढवण्याची पद्धत दिली. सोन्याला सिलिकाची ओढ नसल्यामुळे मध्ये सिलेन वर्गातील दुवा घालावा लागतो. कवच हे सेंद्रिय रेणूसारखे उडून जात नाही, म्हणून असे कण कित्येक शंभर अंशांपर्यंत एकमेकांना भेटतच नाहीत. सोन्याच्या नॅनोकांड्यांना याचा फार उपयोग होतो. कांडी गोलापेक्षा अधिक पृष्ठभाग बाळगून असते, त्यामुळे द्रवणांकाच्या कितीतरी खाली तिच्या टोकांचे अणू मध्याकडे सरकून ती आखूड होते आणि अखेर गोल बनते; तिच्यावरचा सीटॅब नावाचा साबणासारखा थर याला फारसा अडवू शकत नाही, सिलिकाचे कवच अडवते. मोबदला असा की जाड कवचातून बाहेरच्या रेणूंना सोन्यापर्यंत पोचता येत नाही, आणि उत्प्रेरकाला पोचणे तर हवेच असते; म्हणून सच्छिद्र कवचे वापरतात.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र बी. एस्‌सी.चे विद्यार्थी आहोत. वेगवेगळ्या आवरणांची उष्णतेतील स्थिरता साध्या प्रयोगशाळेत कशी तपासावी? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नाही.

उत्तर : सुरुवातीला त्याची गरजही नाही. दृश्य प्रकाशाचा वर्णपटमापी आणि पाण्याचे उष्ण कुंड असले तरी पुष्कळ कळते. सर्व काचसामान आधी आम्लराजाने (सोने विरघळवणाऱ्या हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) धुऊन, भरपूर ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून घ्या. काचेला चिकटलेला सोन्याचा जुना कण नव्या प्रयोगात ढवळाढवळ करतो. आम्लराज हाताळताना शिक्षक शेजारी असलेच पाहिजेत, आणि ते बाटलीत बूच लावून साठवू नये.

एकाच दिवशी बनवलेले एकच सायट्रेट द्रावण घ्या, त्याचे भाग करून वेगवेगळी आवरणे द्या आणि एक भाग तसाच ठेवा. सोन्याची संहती आणि सामू सर्वांत सारखे हवेत, नाहीतर तुलना आवरणांची न होता दुसऱ्याच कशाची होईल. नळ्या घट्ट बंद करून साठ, ऐंशी आणि पंच्याण्णव अंशांवर तासभर ठेवा. बूच सैल राहिले तर पाणी उडून संहती वाढते आणि तुम्ही उष्णतेच्या नावावर बाष्पीभवनाचा परिणाम लिहाल. नंतर ५२० आणि ६५० नॅनोमीटरचे शोषण मोजून त्यांचे गुणोत्तर काढा. पहिले उतरले आणि दुसरे चढले तर कण साकळत आहेत. शिखर ५२० वरून थोडेसेच सरकले पण ६५० ला काही वाढले नाही, तर बहुधा कण साकळले नसून आवरणात किंवा भोवतालच्या माध्यमात बदल झाला आहे.

प्रत्येक मापन गरम असताना एकदा आणि थंड झाल्यावर एकदा करा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण काही आवरणे उलटता येणारा बदल घडवतात. पॉलि-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड हे बहुवारिक सुमारे ३२ अंशांवर पाणी सोडून आकसते. त्याने वेढलेले कण कोमट पाण्यातच एकत्र येऊ शकतात आणि गार झाल्यावर पुन्हा सुटे होतात. याच्या नेमके उलट, जुळणाऱ्या डीएनए-धाग्यांनी एकमेकांना बांधलेले कण, जे मिर्किन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले, गार असताना जांभळट असतात आणि तापवल्यावर धागे सुटून लाल होतात. एकाच वेळी घेतलेल्या एका वर्णपटावरून ‘अस्थिर’ असा शेरा मारला तर या दोन्हींवर अन्याय होईल. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळीही क्षारांच्या उपस्थितीत गरम पाण्यात पाणी सोडू लागते, त्यामुळे शुद्ध पाण्यातला निष्कर्ष क्षारयुक्त द्रावणाला लावू नका.

पाण्यातला प्रयोग शंभर अंशांपाशी संपतो. त्यापुढचे पाहायचे तर कोरडा नमुना तापवत त्याचे वजन मोजणारे उपकरण लागते. आवरण कोणत्या तापमानाला निघाले ते त्यात दिसते, सोन्याचे काय झाले ते दिसत नाही. कणांचा आकार तापवता तापवता मोजण्यासाठी क्ष-किरणांचे अल्पकोनी विकिरण हे उत्तम साधन आहे, आणि आपल्या इंदुराच्या वेशीवरच, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, अडीच गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) आहे, ज्यावर अशा मापनाची सोय आहे. तेथील वेळ प्रस्ताव देऊन मिळते. तुमच्या शिक्षकांमार्फत विचारणा करा, मात्र आधी वर्णपटांची वही व्यवस्थित भरलेली असू द्या.

आणि पुढे कधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे हाती आली, तर दोन-तीन नॅनोमीटरच्या कणांच्या बाबतीत एक शंका जरूर घ्या : इलेक्ट्रॉनांचा झोत स्वतःच आवरण जाळतो आणि कणांना हलवतो, तेव्हा चित्रात दिसणारी जोडणी भट्टीत झाली की झोताखाली, हे न तापवलेला नमुना त्याच झोताखाली तितकाच वेळ ठेवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.